शेजारच्या खाटेवर कोण? इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत स्त्री-पुरुष एकाच बेमध्ये

रानजाई

हा धागा काढावा की नाही यात तीन आठवडे गेले. विषय अंगावरच्या कपड्यांचा आणि संडास-बाथरूमचा आहे, आणि आपण तो चारचौघांत बोलत नाही. पण इथे इंग्लंडमध्ये राहणारे, स्वतःसाठी किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी हॉस्पिटलच्या चकरा मारणारे आपल्यात बरेच जण आहेत, म्हणून लिहितेच.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला पाठीतून कळ उठली. मुतखडा. ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, सहा तास काढले आणि पहाटे साडेतीनच्या सुमाराला मला वर असेसमेंट युनिटमध्ये हलवलं. सहा खाटांचा बे, म्हणजे वॉर्डातला एक कप्पा, सगळीकडे अंधार. मॉर्फीन दिलेलं होतं, टेकल्या टेकल्या झोप लागली. जाग आली ती घोरण्याच्या आवाजाने. पडदा जरा सारला तर समोरच्या खाटेवर पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ. पांघरूण पायाशी, गाऊन कमरेच्या वर गेलेला. त्यांना कसलंच भान नव्हतं. मी मान फिरवली तर शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एक पुरुष, टक्क जागा. तो माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही. पण बघायला त्याला तरी दुसरीकडे कुठे जागा होती? सहापैकी चार पुरुष, आम्ही दोघी बायका.

अंगावर हॉस्पिटलचा गाऊन. मागे दोन नाड्या, त्यातली एक तुटलेली. हाताला सलाईन. आणि संडास बेच्या पार त्या टोकाला, म्हणजे सगळ्यांच्या खाटांच्या पायथ्यावरून चालत जायचं. मुतखड्यात सारखी लघवी लागते, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत असेल. एका हाताने सलाईनचा स्टँड ढकलत, दुसऱ्या हाताने पाठीमागे गाऊनची दोन टोकं मुठीत धरून मी चार वेळा गेले. पाचव्यांदा गेले नाही. पाणी पिणंच बंद केलं. सलाईन चालू होतं म्हणून निभावलं.

सकाळी डॉक्टर आले, पडदे ओढले आणि खणखणीत आवाजात विचारलं, शेवटची पाळी कधी आली, दिवस जास्त गेलेत का, गरोदर असण्याची शक्यता आहे का. मी पुटपुटत उत्तरं दिली, तर "जरा मोठ्याने" म्हणाले.

वीस वर्षं झाली मला या देशात. कामाच्या ठिकाणी पन्नास माणसांसमोर बोलते. त्या सकाळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि मग वाचायला बसले. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सनदेत स्पष्ट लिहिलेलं आहे, की भरती झालेल्या रुग्णाला भिन्नलिंगी रुग्णांबरोबर झोपण्याची जागा वाटून घ्यावी लागणार नाही, योग्य कारण असेल तेवढा अपवाद सोडून. हे मला आधी माहीत असतं तर मी विचारलं असतं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आहे.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय? तुम्ही काय केलंत?

काठावरची

वाचून पोटात कालवलं ताई. माझ्या सासूबाईंच्या वेळी असंच झालं होतं आणि आम्ही "एका रात्रीचा तर प्रश्न आहे" म्हणून गप्प बसलो. त्या रात्रभर नऊवारीवर स्वेटर घालून बसून होत्या, गाऊन घालायला तयार नाहीत. आम्हाला तो तेव्हा त्यांचा हट्ट वाटला. आता तुमचं वाचल्यावर तो हट्ट नव्हता हे कळतंय.

नाईटड्यूटी

चौदा वर्षं एनएचएसमध्ये नर्स आहे, त्यातली नऊ रात्रपाळीची. रानजाईताई, तुमच्या बाबतीत जे झालं त्याला आम्ही वॉर्डात "बे मिक्स झाला" म्हणतो आणि कागदावर त्याला ब्रीच, म्हणजे नियमभंग, म्हणतात. नियम नीट सांगते, कारण तो अर्धवट ऐकून लोक भांडतात आणि मग हरतात.

अख्खा वॉर्ड फक्त बायकांचा किंवा फक्त पुरुषांचा असला पाहिजे असं नाही. वॉर्ड मिश्र चालतो. पण त्यातला प्रत्येक बे, म्हणजे चार-सहा खाटांचा कप्पा, एकाच लिंगाच्या रुग्णांचा हवा. आणि संडास-बाथरूमला जाताना दुसऱ्या लिंगाच्या रुग्णांच्या कप्प्यातून जावं लागता कामा नये. दुसरी अट लोक विसरतात. नुसती खाट बदलून भागत नाही, वाटही वेगळी लागते.

रात्र काढली नाही तरी नियम लागू होतो. असेसमेंट युनिट, डे सर्जरी, एंडोस्कोपी, सगळं त्यात येतं, खाट असो की ट्रॉली. ए अँड ईचे क्युबिकल येत नाहीत, कारण तिथे माणूस अजून भरती झालेला नसतो. म्हणून ए अँड ईतले तुमचे सहा तास मोजायचे नाहीत, वरचे पहिल्या मिनिटापासून मोजायचे.

अपवाद कुठले? जीव धोक्यात असेल, अचानक प्रकृती ढासळली असेल, आयसीयूसारखी देखरेख लागत असेल, भूल उतरेपर्यंत रिकव्हरीत ठेवलं असेल. नवरा-बायको किंवा एका घरातली माणसं एकत्र भरती झाली आणि त्यांना एकत्र राहायचं असेल तर तेही चालतं. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा येणारी मंडळी एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, त्यांनी स्वतःहून एकत्र बसणं पसंत केलं तर कुणाची हरकत नसते.

आणि न चालणारी कारणं नीट लक्षात ठेवा, कारण हीच तुम्हाला ऐकवली जातील. खाटा कमी आहेत. स्टाफ कमी आहे. बिल्डिंग जुनी आहे. हिवाळ्याची गर्दी आहे. सगळे एका डॉक्टरचे पेशंट आहेत, राउंडला सोपं पडतं. आणि माझा सगळ्यात जास्त संताप होतो ते शेवटचं, "त्या खूप म्हाताऱ्या आहेत, त्यांना काही कळत नाही." यातलं एकही कारण एनएचएसच्या मार्गदर्शक सूचनांना मान्य नाही.

गाऊनबद्दल एक. दुसरा गाऊन मागून घ्या आणि कोटासारखा उलटा, म्हणजे उघडी बाजू पुढे येईल असा वरून घाला. कपाटात ढीग असतो. आणि घरचा पायजमा चालत असेल तर तोच घाला, विचारलंत तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

मुसाफिर

थोडा मागचा इतिहास. पूर्वी नाइटिंगेल वॉर्ड असायचे, लांबलचक हॉल, दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. पुढे वॉर्ड रोगाप्रमाणे पडले, हृदयाचा एक, मेंदूचा एक, आणि रोग काही लिंग बघून येत नाही. मिसळायला सुरुवात झाली ती तिथून.

१९९७ च्या जाहीरनाम्यात लेबर पक्षाने मिश्र वॉर्ड हळूहळू संपवू असं लिहिलं. अकरा वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, त्याच पक्षाच्या सरकारातले आरोग्य खात्याचे कनिष्ठ मंत्री लॉर्ड डार्झी (स्वतः सर्जन) यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात सांगितलं, की सगळीकडे स्वतंत्र खोल्या बांधल्याखेरीज हे पुरतं साधणार नाही. गदारोळ झाला. २००९ मध्ये दहा कोटी पाउंडांचा निधी जाहीर झाला, त्यातून भिंती, दारं, न्हाणीघरं झाली. २०१० मध्ये सरकार बदललं, आरोग्यमंत्री म्हणून अँड्र्यू लान्सली आले, आणि त्यांनी आकडे उघड करायला लावले. एप्रिल २०११ पासून विनाकारण मिसळलेल्या प्रत्येक रुग्णामागे दिवसाला २५० पाउंड दंड बसू लागला.

आणि काय सांगू, एकाएकी जमलं! पुढच्या वर्ष-दोन वर्षांत महिन्याचे हजारोंचे आकडे शेकड्यांवर आले. बिल्डिंगी त्याच होत्या, खाटाही तेवढ्याच. मोजायला लागले आणि पैसे कापायला लागले, एवढाच फरक पडला.

२०२० मध्ये कोविडमुळे मोजणी थांबली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. तेव्हापासून आकडा पुन्हा महिन्याला हजारांत आहे. एनएचएस इंग्लंड दर महिन्याला हॉस्पिटलवार प्रसिद्ध करतं, कुणालाही बघता येतो.

बारा_तास

मी दुसऱ्या बाजूचा आहे. खाटा वाटणारा माणूस. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

रात्रीचे दोन. खाली ए अँड ईच्या दारात ॲम्ब्युलन्स रांगेत उभ्या, कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांवर माणसं. त्यात एक पुरुष, छातीत दुखतंय, मॉनिटरची खाट हवी. वर एकच खाट रिकामी, तीही बायकांच्या बेमध्ये. फोन माझ्या हातात असतो. बे मिक्स केला तर सकाळी माझ्या नावाने ब्रीच. नाही केला तर तो माणूस कॉरिडॉरमध्ये, जिथे मॉनिटर तर सोडाच, पडदासुद्धा नाही. तिथे बायका-पुरुष शेजारी शेजारी झोपलेले असतातच, फक्त त्यांची या मोजणीत गणती होत नाही, कारण ते अजून वर आलेले नसतात.

मुसाफिर म्हणतात मोजायला लागले आणि जमलं. खरंय. पण तेव्हा खाली कॉरिडॉर आजच्यासारखे भरलेले नव्हते. माझा अनुभव असा, की जे मोजलं जातं ते सुधारतं आणि जे मोजलं जात नाही तिथे भार सरकतो. रानजाईताईंना पहाटे साडेतीनला हलवणारं माणूस निर्दय नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय. त्याच्यासमोर बहुधा दोनच रस्ते होते आणि दोन्ही वाईट.

रानजाई

बारा_तास, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं मला पटतं. छातीत दुखणाऱ्या माणसाला बाहेर ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही, त्याच्यासाठी मी माझी खाटही दिली असती.

पण मला कुणी सांगितलं नाही हो. दुसरी खाट मिळेपर्यंत इथे पुरुष आहेत, साधारण इतका वेळ लागेल, माफ करा, संडासाला जायचं असेल तर घंटा वाजवा, आम्ही सोबत येतो. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाने मी ती रात्र वेगळी काढली असती. मी जागी झाले तेव्हा मला वाटलं, इथे हे असंच असतं आणि आपल्यालाच त्याचं काहीतरी वाटतंय.

नाईटड्यूटी

अगदी. आणि सूचनांमध्ये हेही आहे, की कारण योग्य असलं तरी रुग्णाला ते सांगायचं, लवकरात लवकर हलवायचं, आणि तोवर त्याची अब्रू सांभाळायची. मिसळण्याला अपवाद आहे, अब्रू सांभाळण्याला नाही. नव्या मुलींना मी हेच वाक्य पहिल्या दिवशी सांगते.

बारा_तास यांचं कॉरिडॉरबद्दलचं दुखणं माझंही आहे. मागच्या हिवाळ्यात एका आजींना कॉरिडॉरमध्ये कमोडवर बसवताना आम्ही दोघींनी चादरी धरून आडोसा केला होता. चादर धरून हात भरून येतात. त्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या.

सांजसावली

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी मानसिक आरोग्याच्या वॉर्डात काम केलंय. तिथे माणूस तीन दिवसांत घरी जात नाही, आठवडे, कधी महिने राहतो. पडदा नसतो, दारं असतात, पण दाराबाहेरचा पॅसेज सगळ्यांचा. ज्या बाईला घरात मारहाण झाली आहे, जिच्यावर अत्याचार झालाय, ती आजारी पडून येते आणि तिच्या खोलीबाहेर रात्री पुरुष येरझाऱ्या घालत असतो. त्याचाही इलाज नसतो, तोही आजारीच.

हॉस्पिटलांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने २०१८ मध्ये मानसिक आरोग्याच्या वॉर्डांतल्या लैंगिक सुरक्षिततेवर अहवाल काढला. तीन महिन्यांतले जवळजवळ ६०,००० घटनांचे रिपोर्ट चाळले तर त्यात १,१२० लैंगिक स्वरूपाचे प्रसंग सापडले. मी त्या काळात नोकरीत होते, आकडा वाचून मला आश्चर्य वाटलं नाही.

नियमाप्रमाणे अशा वॉर्डात फक्त बायकांसाठी बसायची खोली लागते. आमच्याकडे होती. तिच्यात जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या आणि किल्ली ऑफिसात. एका पेशंटने मला विचारलं, ती खोली कुणाची आहे? मी म्हटलं, तुमची. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून खुर्च्या बाहेर काढल्या.

पाऊलवाट

रात्रीचा एक वाजलाय, धागा वाचत बसलोय कारण झोप येत नाहीये. माझे वडील आत्ता हॉस्पिटलमध्ये आहेत. वय ७८, निवृत्त शिक्षक. प्रोस्टेटचं ऑपरेशन काल झालं. आज दुपारी कॅथेटर (लघवीची नळी) काढलं आणि सांगितलं, आता लघवी झाली की घरी. संध्याकाळपर्यंत झाली नाही. ज्या बेमध्ये ठेवलंय तिथे शेजारच्या खाटेवर एक ब्रिटिश आजी आहेत, समोर आणखी एक बाई. बाबांना बाटली दिली आहे, पडद्याआड करा म्हणून. ते करत नाहीत. मला कानात म्हणाले, "आवाज जातो रे त्यांना."

आजी एक्स-रेला गेल्या तेव्हा जरा प्रयत्न केला म्हणे, तेवढ्यात परत आल्या. मी विचारलं नर्सला सांगू का, तर म्हणाले, "राहू दे, कशाला उगाच. बरा आहे मी."

इथे सगळं बायकांच्या बाजूने लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. पण पुरुषालाही लाज असते. शाळेत शिकवताना वर्गात कधी शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं नाही या माणसाने.

नाईटड्यूटी

पाऊलवाट, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता वॉर्डला फोन करा. रात्री उचलतात. सकाळची वाट बघू नका. कॅथेटर काढल्यावर इतके तास लघवी झाली नसेल तर मूत्राशय तुंबतं, आणि मग पुन्हा कॅथेटर घालावं लागतं. नर्सला सांगा, वडिलांचं ब्लॅडर स्कॅन करून बघा, किती साठलंय ते मिनिटात कळतं. पोट ताठ आहे का, दुखतंय का विचारा.

दुसरं सांगा, की त्यांना बाटलीत बेमध्ये होत नाही, चाकाच्या खुर्चीवरून संडासात न्या आणि दार लावून एकटं बसू द्या. नळ सोडून ठेवायला सांगा. ही लाड करण्याची गोष्ट नाही, उपचारच आहे.

आणि मग नर्स इन चार्जला मागा. म्हणा, माझे वडील मिक्स बेमध्ये आहेत, त्याला क्लिनिकल कारण काय आहे, आणि त्यांना पुरुषांच्या बेमध्ये कधी हलवणार. याच शब्दांत. रागावू नका, पण "जमलं तर बघा" असंही म्हणू नका. उत्तर मिळालं नाही तर साईट मॅनेजरला कळवा म्हणावं, रात्री अख्ख्या हॉस्पिटलचा भार त्यांच्याकडे असतो.

बारा_तास

पाऊलवाट, साईट मॅनेजरचं नाव निघालं की आमच्याकडे यादी हलते. खरं सांगतो. तक्रार म्हणून नव्हे, पण जो विचारतो त्याचा पेशंट यादीत दिसायला लागतो. "लघवी होत नाहीये, बहुधा जागेमुळे" हे नक्की सांगा, कारण ते झालं तर तुमचे वडील उद्या घरी जातात आणि मला एक खाट मिळते. आमच्या बाजूनेही तो फायद्याचा सौदा आहे.

पाऊलवाट

केला फोन. स्कॅन करतो म्हणाल्या. धन्यवाद दोघांनाही. सकाळी कळवतो.

चाफेकळी

"राहू दे, कशाला उगाच" यावर मला बोलायचंय. आपल्या आईवडिलांच्या पिढीला विचारलं "चालेल का?" तर ते "चालेल" म्हणतात. त्याचा अर्थ चालेल असा नसतो, तुम्हाला त्रास नको असा असतो. आणि ते उत्तर भाषांतर करणारे आपणच असतो! मी आईची दुभाषी म्हणून पडद्याआड उभी होते आणि डॉक्टरांनी तिच्या अंगावरून जाण्याबद्दल विचारलं. मी मुलगी, तरी ती माझ्यासमोर खरं बोलली नाही. माझ्या भावाला दुभाषी केलं असतं तर काय झालं असतं?

नंतर कळलं की घरच्यांनी दुभाषी व्हायचंच नसतं, हॉस्पिटलने द्यायचा असतो, फोनवरून मराठीतला मिळतो. पुढच्या खेपेला फोनवर एक बाई होत्या. आईने त्यांना पाच मिनिटांत ते सगळं सांगितलं जे मला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं.

तसंच तपासणीचं. अंतर्गत तपासणीच्या वेळी सोबत तिसरी प्रशिक्षित व्यक्ती, शॅपरोन, हवी का हे डॉक्टरने विचारायला हवं, डॉक्टर पुरुष असो की बाई. डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या सूचनाच आहेत. नातेवाईक उभा केला की झालं असं नाही.

मुसाफिर

सगळ्याचं एकच उत्तर मला दिसतं, स्वतंत्र खोल्या. केंटमधल्या पेंबरीचं टनब्रिज वेल्स हॉस्पिटल २०११ मध्ये पूर्ण झालं, प्रत्येक रुग्णाला आपली खोली आणि आपलं बाथरूम. २०२२ मध्ये उघडलेलं नवं रॉयल लिव्हरपूल, तिथे ६४० खाटा, सगळ्या एकेकट्या खोल्यांत. मिसळण्याचा प्रश्नच संपला.

काठावरची

प्रश्न संपला खरा, पण सासूबाईंना पुढे एकदा एकट्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा त्या आम्ही गेलो की म्हणायच्या, दिवसभर माणूस दिसलं नाही. बायकांच्या बेमध्ये असताना शेजारच्या बाईशी भाषा न येता त्यांची मैत्री झाली होती, एकमेकींची घंटा वाजवायच्या. मला सगळ्यांना खोल्या नकोत. चार बायकांचा बे आणि दाराशी संडास, एवढं पुरे.

नाईटड्यूटी

दोघांचंही खरं. एकट्या खोलीत म्हातारं माणूस पडलं तर आवाज उशिरा कळतो, ही भीती रोजची आहे. आणि जुन्या हॉस्पिटलांत ज्या मोजक्या साईड रूम असतात त्यांवर पहिला हक्क संसर्गाच्या पेशंटचा, मग शेवटच्या घटका मोजणाऱ्यांचा.

वाटसरू

एक नाजूक प्रश्न विचारतो, कुणाला दुखवायचं नाही. ट्रान्स रुग्णांचं काय? त्यांना कुठे ठेवतात?

नाईटड्यूटी

२०१९ च्या सूचनांत असं होतं, की त्यांचा पेहराव, ते सध्या वापरत असलेलं नाव आणि सर्वनाम यांप्रमाणे जागा द्यावी. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यात लिंग म्हणजे जैविक लिंग असा निकाल दिला, आणि त्यानंतर ही चर्चा पुन्हा उघडली. कायद्याची बाजू जाणकारांनी बोलावी. मी वॉर्डातलं सांगते. माझ्याकडे आलेल्या एका ट्रान्स पेशंटने भरती झाल्या झाल्या पहिला प्रश्न विचारला, माझं तुम्ही सगळ्यांसमोर बोलणार का? मी खोली बंद करून बोलले. साईड रूम होती, दिली. ती नसती तर मी काय केलं असतं, हे तुमच्याइतकंच मलाही अवघड जातं. पण पडद्याआडचं माणूस घाबरलेलं असतं, ते कुणीही असो.

सांजसावली

माझ्या मते ज्या बाईने अत्याचार भोगलाय तिची भीतीही इथे तितकीच धरायला हवी. दोघांपैकी एकीला खोटं ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. यापुढे या धाग्यावर नको, हा वेगळा विषय होईल.

रानजाई

माझ्या तक्रारीचं सांगते. हॉस्पिटलच्या पॅल्सला, म्हणजे रुग्णांच्या अडचणी ऐकणाऱ्या खात्याला, ईमेल लिहिला होता. तिथे भागलं नसतं तर रीतसर तक्रार केली असती. त्याला बारा महिन्यांची मुदत असते, तीन कामाच्या दिवसांत पोच द्यावी लागते, आणि उत्तर पटलं नाही तर पुढे ऑम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं.

काल उत्तर आलं. माझी ती रात्र ब्रीच म्हणून नोंदलेलीच नव्हती. आता नोंदली आहे. वॉर्ड मॅनेजरने फोन केला. मी तुटलेल्या नाडीचं सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ते मी आजच बघते.

गेल्या गुरुवारी मूत्रनलिकेतला स्टेंट, म्हणजे आत घातलेली बारीक नळी, काढायला डे युनिटला जायचं होतं. आदल्या दिवशी फोन करून विचारलं, वेटिंगमध्ये गाऊनवर बसायचंय का, आणि पुरुषांबरोबर का? पलीकडची मुलगी म्हणाली, थांबा, विचारते. आणि मला बायकांच्या सकाळच्या यादीत घेतलं. दोन गाऊन दिले. पडद्याला बाहेरून लाल चिमटा लावला, आत पेशंट आहे, येऊ नका, असा. तपासणारे डॉक्टर पुरुष होते, त्याचं मला काहीही वाटलं नाही. त्यांनी विचारून, सांगून, झाकून काम केलं. पाच मिनिटांत बाहेर.

पाऊलवाट

उशिरा लिहितोय, माफ करा. रात्री स्कॅनमध्ये साडेचारशे मिलीच्या वर निघालं. संडासात नेलं, दार लावलं, नळ सोडला, थोडी झाली पण पुरेशी नाही. मी मात्र नाईटड्यूटीताईंनी दिलेले शब्द फोनवर तसेच्या तसे वाचून दाखवले. त्या नर्सने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, बरोबर आहे तुमचं, मी वर कळवते.

आज सकाळी अकराला पुरुषांच्या चार खाटांच्या बेमध्ये हलवलं. दुपारी एकला बाबांचा फोन. "झाली," म्हणाले. मग अर्धा मिनिट गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

संध्याकाळी घरी घेऊन आलो. गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या बाईसुद्धा रात्रभर उठल्या नाहीत रे. मी शेजारी होतो म्हणून."